उचल दे, मजुरी काढ : ‘धोटा’च्या कमांडची फेरमांडणी

मामांचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. चोवीस माग, दोन पाळ्या, आणि ऑफिसात एक जुना विंडोज कॉम्प्युटर. त्याच्यावर दिवाणजी बसतात. पुण्यातलं काम घरून करायची मुभा मिळाली तशी मी सोलापूरला परत आले, आणि महिन्याभरातच मामांनी विचारलं, “आपला पगाराचा हिशोब कॉम्प्युटरवर बसवून देशील का?”

बटणं, खिडक्या, रंगीत पडदे असलं काही करायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं. दिवाणजींची उमेदीची वर्षं काळ्या पडद्यावरच्या जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅमवर गेलेली. कीबोर्डवर त्यांचा हात असा चालतो की माऊस धरायला सांगणं म्हणजे त्यांना अडवणंच. म्हणून नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, कमांड-लाइन ॲप लिहायला घेतलं. नाव ठेवलं ‘धोटा’, मागावर आडवं सूत नेणारा असतो तो. दिवाणजी टाइप करणार ‘धोटा’, पुढे काय हवं ते, आणि एंटर.

पहिलं रूप दोन रविवारांत उभं राहिलं. ‘प्रोसेस.आर्गव्ही’ या ॲरेत, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत, पहिल्या जागी नोडचा पत्ता असतो, दुसऱ्या जागी आपल्या फाईलचा. तिसऱ्यापासून माणसाने टाइप केलेले शब्द सुरू होतात. तो तिसरा शब्द उचलला, खाली एक मोठं ‘स्विच’, म्हणजे शब्द बघून वाट निवडणारी रचना, लावलं, आणि प्रत्येक कामाला एक ‘केस’. सुताची आवक, शिल्लक, मागावरून उतरलेला माल, मजुरी, उचल. सहा महिन्यांत तेवीस केस झाल्या आणि फाईल १,३८० ओळींची.

ओळी जास्त झाल्या हा त्रास नव्हता. ‘स्विच’मधल्या सगळ्या केस एकाच कंसात राहतात. महिरपी कंस वेगळे घातले नाहीत तर एका केसमध्ये ‘कॉन्स्ट’ने एखाद्या आकड्याला ठेवलेलं नाव दुसऱ्या केसमध्ये पुन्हा ठेवता येत नाही, फाईल चालायलाच नकार देते. त्यामुळे माझ्या कोडमध्ये ‘एकूण’, ‘एकूण२’, ‘एकूणनवीन’ आणि ‘एकूणमाल’ अशी भावंडं जमली होती. (जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं. हिशोबाच्या कामात मी ते आवर्जून ठेवते, कारण ‘उचल’ला इंग्रजी शब्द शोधत बसलं की अर्थ पातळ होतो.) ‘एकूण२’ मजुरीतला की सुतातला, हे बघायला दर वेळी चारशे ओळी वर जावं लागे. एकदा सुताच्या शिल्लकीतली दुरुस्ती करताना मजुरीतलं ‘एकूण’ बदललं गेलं आणि ते नशिबाने त्याच संध्याकाळी लक्षात आलं. त्या रात्री ठरवलं, फोडायचं.

आणि पहिल्यांदा फोडलं तेच चुकीचं फोडलं.

मी कोडच्या जातीप्रमाणे फोल्डर केले. एका फोल्डरात सगळ्या तपासण्या, एकात सगळी छपाई, एकात डेटाबेसच्या सगळ्या चौकश्या, आणि एका फाईलमध्ये कमांडची नावं. दिसायला फार नीटनेटकं. पण पुढच्याच आठवड्यात मामा म्हणाले की उचलीची मर्यादा बदलायची आहे. एवढ्यासाठी चार फोल्डरांतल्या चार फाईल उघडल्या. प्रत्येकीत उचलीच्या पंधरा-वीस ओळी, आणि आजूबाजूला बाकी सगळ्या कमांडच्या. रात्री नऊला मामा ऑफिसात डोकावून म्हणाले, “काय करलालीस गं अजून?” एक आकडा बदलायला दोन तास लागले हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.

वाट दाखवली ती दिवाणजींच्या बोलण्याने. त्यांच्या शेजारी बसून मी त्यांचा एक अख्खा दिवस लिहून काढला. ते कामं कशी सांगतात, तर “सूत लिही”, “माल उतरव”, “उचल दे”, “मजुरी काढ”, “मजुरीची चिठ्ठी दे”. आधी वस्तू, मग काय करायचं ते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कमांडही आपोआप त्याच क्रमाने तोंडात येते. माझी पहिली नावं मात्र मी ज्या अवजारांवर वाढले त्यांच्या वळणाची होती, क्रियापद पुढे. दिवाणजी ती कायम उलटी टाइप करायचे आणि मी समजत होते की त्यांना सवय व्हायला वेळ लागतोय.

पुढे वाचताना लक्षात आलं की ही अडचण मोठ्या अवजारांनाही आलेली आहे. प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवणारं डॉकर नावाचं अवजार आहे, त्याने २०१७ च्या जानेवारीत आलेल्या १.१३ आवृत्तीत आपल्या कमांडची अशीच फेरमांडणी केली: आधी कंटेनर (चालू डबा) की इमेज (त्याचा साचा) हे सांगायचं, मग त्याचं काय करायचं ते. कमांडची संख्या वाढत गेली की सगळी क्रियापदं एका ओळीत उभी राहतात आणि शोधणारा गोंधळतो. वस्तू आधी आली की दार सापडतं, आत गेल्यावर कामं दिसतात.

म्हणून आता वस्तूचा एक फोल्डर आणि कामाची एक फाईल. ‘उचल’ फोल्डरात ‘दे’, ‘फेड’ आणि ‘बघ’. ‘मजुरी’ फोल्डरात ‘काढ’ आणि ‘चिठ्ठी’. दिवाणजी टाइप करतात ‘धोटा उचल दे १४ ५००’, म्हणजे चौदा नंबरच्या कामगाराला पाचशे रुपये. फाईलची आणि कमांडची नावं रोमन लिपीत ठेवली, कारण त्या विंडोजच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं फाटून दिसतात. कमांडच्या आतलं सगळं मराठीत.

प्रत्येक फाईल बाहेर चारच गोष्टी देते: ‘नाव’, ‘वर्णन’, ‘पर्याय’ आणि ‘चालव’. पहिल्या तीन म्हणजे साधी माहिती, चौथं फंक्शन, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा कोड. यार्ग्स नावाची जी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) आहे तिच्यातही कमांडची फाईल जवळपास अशाच चार गोष्टींची असते, तिथूनच मी हे घेतलं. कमांडर आणि ओक्लिफ या तसल्याच लायब्रऱ्याही पाहिल्या. ओक्लिफ हेरोकू या कंपनीच्या मंडळींनी मोठ्या पसाऱ्याच्या अवजारांसाठी बनवली, आमच्या कारखान्याला ती अंगाबाहेरची. शेवटी एकही लायब्ररी घेतली नाही. नोडच्या १८.३ आवृत्तीपासून टाइप केलेले शब्द वाचून वेगळे करणारं ‘पार्सआर्ग्ज’ हे फंक्शन आतच मिळतं आणि आमच्या गरजेला ते पुरतं. त्याची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते मुळातच कडक आहे: माहीत नसलेला पर्याय आला की थांबतं. माझ्या हाताने लिहिलेल्या आधीच्या वाचकाला ‘पाळी’च्या जागी ‘पळी’ दिलं तर ते गुपचूप गिळून तो दोन्ही पाळ्यांचा आकडा देत असे.

एक मात्र आहे, ‘पार्सआर्ग्ज’ला फक्त शब्द आणि हो-नाही कळतं, आकडा कळत नाही. आकडा आपण करून घ्यायचा. तिथे दिवाणजींचा कीबोर्ड मराठीवर राहिला की पंचाईत, कारण जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ देवनागरी ‘५००’ला आकडा मानतच नाही; रिकाम्या शब्दाला मात्र शून्य मानून मोकळं होतं. म्हणून ‘रक्कम वाच’ असं एकच फंक्शन सगळ्यांना सामाईक ठेवलं. ते देवनागरी अंक बदलून घेतं आणि रिकामं आलं तर अडवतं. सामाईक फोल्डरात काय जावं याचा माझा नियम असा झाला की तीन कमांडना खरोखर लागल्याशिवाय तिथे काही ठेवायचं नाही. दोघींना लागलं तर दोन ठिकाणी लिहिलेलं परवडतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती.

फाईल वेगळ्या झाल्या, पण मुख्य फाईलला त्या कळणार कशा? मी तेव्हा केलं ते असं: सुरू झाल्यावर ‘कमांड’ फोल्डर वाचायचा, आत जेवढ्या जेएस (जावास्क्रिप्टच्या) फाईल सापडतील तेवढ्या ‘इम्पोर्ट’ करायच्या, म्हणजे आत ओढायच्या, त्यांचा ॲरे करायचा आणि ‘फाइंड’ने नाव जुळेल ती चालवायची. नवी फाईल टाकली की नवी कमांड आपोआप तयार, कुठेही नोंद करायला नको. मला ही युक्ती अतिशय आवडली होती.

पहिला धक्का लगेचच बसला. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर सगळं चालत होतं, कारखान्यातल्या विंडोजवर एकही कमांड उठेना. तिथे फाईलचा पूर्ण पत्ता ‘डी’ आणि पुढे विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होतो, आणि ‘इम्पोर्ट’ त्या ‘डी’ला ‘एचटीटीपी’सारखा एखादा प्रोटोकॉल समजून नाकारतं. पत्त्याची आधी फाईल-यूआरएल करून द्यावी लागते. ‘पाथटूफाइलयूआरएल’ हे फंक्शन नोड देतंच. ते लावलं आणि पुढे गेले. दुसरा धक्का, त्याच फोल्डरात ठेवलेल्या चाचण्यांच्या फाईलही कमांड समजून उचलल्या जात होत्या. त्यांना नावावरून वगळलं. दोन्ही वेळा मी फक्त लक्षण बुजवलं.

तेव्हा मामांनी एक चांगला निर्णय घेतला होता. आधी जो टॉवेल सेकंड, म्हणजे दोषाचा, निघेल त्याची मजुरी कापली जायची, कारण काहीही असो. टेरीच्या टॉवेलाला दोन ताणे (उभ्या सुताचे संच) लागतात, एक जमिनीचा आणि एक फंद्यांचा, म्हणजे वर उठणाऱ्या वेढ्यांचा. फंद्याचं सूत कमजोर आलं की फंदे तुटतात, पट्टा दिसतो, आणि त्यात विणणाऱ्याचा दोष काहीच नसतो. तेव्हा सुताच्या दोषाने सेकंड झालेल्या पिसाची कपात करायची नाही असं ठरलं, आणि मामांनी ते दोन्ही पाळ्यांना स्वतः सांगितलं.

मी शुक्रवारी ऑफिसातल्याच मशीनवर बसून ‘मजुरी काढ’ बदललं. बदलायच्या आधी, काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून, त्याच फोल्डरात त्या फाईलची प्रत करून ठेवली. विंडोजने तिला नाव दिलं ‘काढ - कॉपी’. मग मूळ फाईलमध्ये नवा नियम लिहिला, मागच्या आठवड्याच्या आकड्यांवर चालवून पाहिला. बेरीज जुळली. मागच्या आठवड्यात ‘सूत दोष’ अशी नोंदच नव्हती, त्यामुळे जुना नियम काय नि नवा काय, उत्तर एकच येणार होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी पगार झाला. सातच्या सुमारास पहिल्या पाळीचे एक वयस्कर कामगार ऑफिसात आले. हातात चिठ्ठी आणि शर्टाच्या खिशातली छोटी डायरी. ते गेली कित्येक वर्षं आपण उतरवलेल्या प्रत्येक डझनाची रेघ त्या डायरीत मारतात. सुतामुळे गेलेल्या पिसांवर त्यांनी गोल केले होते. सात गोल. “ताई, ह्या सात पिसाचं कापलंय बघा. मालक तर म्हणले होते कापणार नाही.” आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यानेच मला जास्त लागलं.

मी फाईल उघडून दाखवली, नवा नियम तिथे होता. चालवली, आकडा जुनाच. नियमाच्या ओळीत मुद्दाम एक शब्द छापायला लावला, तो छापून येईना. पुन्हा सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तासभर मी अशा फाईलमध्ये बदल करत होते जी चालतच नव्हती.

कारण एका अक्षराचं होतं. त्या मशीनवर फोल्डरातल्या फाईल नावाच्या क्रमाने येत होत्या. ‘काढ’नंतर एका फाईलला टिंब आहे, दुसरीला मोकळी जागा. अक्षरांच्या क्रमात मोकळी जागा टिंबाच्या आधी लागते. म्हणजे प्रत पहिली, मूळ दुसरी. दोघींच्या आत ‘नाव’ एकच. आणि ‘फाइंड’ जी पहिली सापडेल तिच्यावर थांबतं. जुन्या नियमाने सगळ्या कामगारांचे पगार निघाले होते.

प्रत काढून टाकली, सगळ्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. नऊ जणांचा फरक निघाला. जे अजून आवारात होते त्यांना मामांनी तिथेच दिला, बाकीच्यांना सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी. चिठ्ठीवर त्या दिवसापासून एक ओळ वाढली: सूत दोष किती पीस, कपात किती.

त्या रविवारी फोल्डर वाचणारा सगळा कोड मी पुसला. त्या जागी एक फाईल आली, नाव ‘यादी’. वर एकेक ‘इम्पोर्ट’, हाताने लिहिलेला, खाली ॲरे. एकोणीस कमांड, एकोणीस ओळी. नवी कमांड करायची तर एक ओळ लिहावी लागते, आणि तो त्रास मला आता मोलाचा वाटतो, कारण त्या ओळीत नसलेली फाईल चालूच शकत नाही. प्रती करा, चाचण्या ठेवा, अर्धवट लिहिलेलं सोडा. पत्ते जवळचे, म्हणजे टिंबाने सुरू होणारे असल्यामुळे विंडोजचा ‘डी’चा घोळही आपसूक गेला. शिवाय यादी वाचताना दोन कमांडचं ‘नाव’ एक निघालं तर ‘धोटा’ काहीच न करता थांबतो आणि ते नाव सांगतो. आपोआप शोधण्याची सोय अनेक चांगल्या लायब्रऱ्यांत आहे आणि जिथे बाहेरचे लोक प्लगइन (वरून जोडायचे भाग) लिहितात तिथे ती लागतेच. पण ज्या प्रोग्रॅमवर कुणाची मजुरी ठरते त्यात कोणती फाईल चालणार हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, या मतावर मी ठाम आहे. प्रती करायची गरजही संपली. त्या मशीनवर मी फाईलच्या जुन्या आवृत्त्या जपणारं गिट बसवलं.

यादीमुळे एक वेगळा प्रश्न आला. सगळ्या फाईल सुरुवातीलाच उघडायच्या तर वेळ लागणार. आणि लागत होताच: ‘उचल दे’सारख्या दोन ओळींच्या कामाला तीनेक सेकंद. दिवाणजी एंटर मारून हात कीबोर्डवर तसेच ठेवून वाट बघायचे. शोधलं तर दोष यादीचा नव्हता. ‘मजुरी चिठ्ठी’ एक्सेलची फाईल बनवते आणि त्यासाठीची जड लायब्ररी तिच्या फाईलच्या पहिल्या ओळीत मागवलेली होती. म्हणजे उचल द्यायला बसलं तरी एक्सेलचं सगळं सामान आधी मांडलं जायचं. ती ओळ ‘चालव’च्या आत नेली. आता चिठ्ठी काढायचीच असेल तेव्हा ती लायब्ररी येते, बाकीच्या कमांड एका सेकंदाच्या आत उठतात. कमांडची फाईल वरून हलकी असावी हा नियम तेव्हापासून.

कमांडनी एकमेकींना हाक मारायची नाही, हा दुसरा. मजुरी काढताना उचल वजा करावी लागते, म्हणून मी ‘मजुरी काढ’मधून थेट ‘उचल फेड’चं ‘चालव’ बोलावलं होतं. ते बिचारं त्याच्या स्वभावाप्रमाणे मध्येच “नोंद करू का?” विचारायचं आणि पगाराच्या तक्त्यात पावती छापायचं. मग हिशोब करणारी फंक्शनं ‘काम’ नावाच्या फोल्डरात वेगळी काढली. ती काही छापत नाहीत, काही विचारत नाहीत. आकडे घेतात, आकडे देतात. कमांडच्या फाईलकडे उरलं ते विचारणं, काम सांगणं आणि उत्तर मांडणं. डेटाबेस आणि आजची तारीखसुद्धा कमांड स्वतः आणत नाही, मुख्य फाईल तिच्या हातात देते. त्यामुळे चाचणीत मला हवा तो शनिवार देता येतो. सुताच्या दोषाची चाचणी सगळ्यात आधी लिहिली, सात पिसांचीच.

मुख्य फाईल आता चाळीस ओळींची आहे. तिच्यात एकच जागा जपायची: ‘चालव’च्या आधी ‘अवेट’, म्हणजे काम पुरं होईपर्यंत थांब. तो एकदा राहिला आणि काम पुरं व्हायच्या आधीच शेवटच्या ओळीने डेटाबेस बंद करून टाकला. थांबून करायच्या कमांडच तेवढ्या बिघडत होत्या, त्यामुळे सापडायला अर्धा दिवस गेला.

मदतीचा पडदा मात्र अजून मनासारखा नाही. वर्णनं मराठीत आहेत आणि रकाने सरळ लागत नाहीत, कारण ‘मजुरी’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द जावास्क्रिप्ट पाच मोजतं. उकार आणि वेलांटी तिला वेगळ्या दिसतात. अक्षरं माणसासारखी मोजणारं ‘सेगमेंटर’ आहे, पण ती खिडकी मराठी अक्षरांना किती रुंदी देईल याचा भरवसा नाही. सध्या मराठी मजकूर ओळीच्या शेवटी ठेवलाय, म्हणजे त्याच्यापुढे काही सरळ लावायलाच नको.

गेल्या आठवड्यात दिवाणजींनी नवी कमांड मागितली, शिलाईच्या बायकांना दिलेल्या डझनांचा हिशोब. नाव त्यांनीच सांगितलं, ‘शिलाई दे’. एक फोल्डर, एक फाईल, यादीत एक ओळ. चहा येईपर्यंत उभी राहिली. दुसऱ्या कुठल्या फाईलला हात लागला नाही. दिवाणजींनी टेबलाच्या काचेखालच्या पुठ्ठ्यावर निळ्या पेनने विसावी ओळ लिहिली आणि लगेच पुढचं विचारलं: ‘शिलाई घे’ कधी देतेस?